क्लिप्स: मागच्या हंगामातला प्रश्न या हंगामात पुन्हा विचारायचा असेल तर

नियमांवर चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर हातात आलं की मी सगळ्यात आधी एक गोष्ट तपासते. आज त्याला जे विचारलं ते पुढच्या हंगामात जसंच्या तसं पुन्हा विचारता येईल का? आणि तेव्हा उत्तर वेगळं आलं, तर ते नेमकं कुठे फिरलं हे मला दिसेल का? नियम लिहायची सोय, खिडक्या, रंगीत आकृत्या हे सगळं त्यानंतर. या कसोटीला क्लिप्स, म्हणजे तज्ज्ञाचं ज्ञान नियमांत लिहून सल्ला देणारे प्रोग्रॅम (तज्ज्ञप्रणाली) बनवायचं साधन, फार चांगलं उतरतं, आणि तेही त्याच्या अगदी साध्या भागाच्या जोरावर: आज्ञांच्या फाइली. लोड, सेव्ह, बॅच, ड्रिबल. मी लिहिणार आहे ते याच चार आज्ञांबद्दल. क्लिप्सची नियमांची भाषा शिकवणारा मजकूर भरपूर आहे, पण फाइलींबद्दल कुणी नीट बसून सांगत नाही. रोजचं काम मात्र तिथेच असतं.

माझं काम सांगते, म्हणजे मी कशासाठी काय मागते ते कळेल. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांना फवारणीचा सल्ला देणारा एक नियमसंच मी सांभाळते. त्यातलं ज्ञान आमच्याबरोबर असलेल्या वनस्पतिरोगतज्ज्ञ सरांचं. ते नियमांत उतरवायचं काम माझं. छाटणीला किती दिवस झाले, पानं किती तास ओली राहिली, पाऊस, तापमान, मागची फवारणी कशाची आणि केव्हा, काढणी कधी धरली आहे, एवढ्यावरून केवडा, भुरी, करपा या रोगांतला कशाचा धोका आहे आणि कोणतं औषध आता मारायचं नाही हे नियम सांगतात. निर्यातीच्या बागेला यातला शेवटचा भाग जिवाभावाचा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षावर कोणती औषधं चालतात आणि काढणीच्या किती दिवस आधी ती थांबवायची, याची यादी तिथून निघते. बागायतदार तिला सरळ ‘अ‍ॅनेक्श्चर पाच’ म्हणतात. ही यादी सुधारत जाते, म्हणून आमचे नियमही बदलत जातात. एक नियम दुरुस्त केला आणि भलतीकडचा दुसरा सल्ला हलला, असं होऊ शकतं. ते शेतकऱ्याच्या बागेत कळण्याआधी माझ्या टेबलावर कळलं पाहिजे.

क्लिप्स जन्मलं ह्यूस्टनला, नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्रात. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागाने लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तज्ज्ञप्रणाली बनवून पाहिल्या होत्या. पण लिस्पची साधनं आणि ती चालवणारी यंत्रं महाग, साध्या संगणकांवर ती मिळत नसत, आणि इतर भाषांतल्या प्रोग्रॅमशी त्यांची सांगड बसत नसे. म्हणून १९८५ मध्ये त्यांनी सी भाषेत स्वतःचं साधन लिहायला घेतलं. १९८६ मध्ये ते केंद्राबाहेर दिलं गेलं. पोटात चार्ल्स फोर्गी यांची रीट पद्धत आहे, म्हणजे एखादी माहिती बदलली की सगळे नियम पुन्हा न तपासता फक्त तिच्याशी जोडलेला भागच हलतो. नासाने पैसा थांबवल्यावरही मूळ लेखकांपैकी गॅरी रायली यांनी ते सांभाळलं. आजही ते फुकट मिळतं, सोर्ससकट. आमच्यासारख्या छोट्या कामाला ही गोष्ट मोठी आहे.

आता लोड.

नियमांची फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल. लोड ती वाचतं आणि प्रत्येक गोष्टीमागे एक खूण छापत जातं: नियमाला *, टेम्प्लेटला (माहितीच्या साच्याला) %, सुरुवातीच्या फॅक्ट्सच्या (नियमांना दिलेल्या माहितीच्या) संचाला $. संकलनावर, म्हणजे नियम आत घेण्याच्या कामावर, ‘वॉच’ (काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारी आज्ञा) लावलं तर प्रत्येक नियमाचं नाव येतं आणि त्यापुढे +जे, =जे अशा खुणा. +जे म्हणजे रीटच्या जाळ्यात नवा सांधा बांधला, =जे म्हणजे आधीच्या नियमाचा सांधाच वापरला. सुरुवातीला मी याकडे नुसती शोभा म्हणून बघत होते, पण नियमांतल्या अटींचा क्रम लावताना याचा थेट उपयोग होतो. आमच्या केवड्याच्या सगळ्या नियमांत ‘प्लॉट’ आणि ‘हवामान’ या दोन अटी त्याच क्रमाने सुरुवातीला ठेवल्या की =जे ची रांग लागते. कुणी मध्येच क्रम बदलला की +जे दिसतात. फाइल लोड होता होता हे कळतं, वेगळं काही चालवावं लागत नाही.

फाइलीत एखाद्या नियमात चूक असली तर लोड ती सांगतं आणि पुढच्या नियमावर जातं. शेवटी खरं किंवा खोटं असं उत्तर देतं. ते उत्तर वाचायची सवय हवी, कारण चुकलेला एक नियम गळून बाकीचे आत आलेले असतात आणि सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं. मी आज्ञांच्या फाइलीत लोडला ‘इफ’मध्ये घालते: लोड खोटं आलं तर तिथेच एक्झिट. अर्धवट नियमांवर काढलेला सल्ला मला नकोच.

दुसरी गोष्ट, लोड आधीचं काही पुसत नाही. त्याच नावाचा नियम असेल तर नवा जुन्याची जागा घेतो. पण फाइलीतून तुम्ही काढून टाकलेला, किंवा नाव बदललेला नियम जुन्या नावाने स्मृतीत तसाच बसलेला असतो आणि वेळ आली की उडतोही, म्हणजे अटी जुळून चालतोही. शिवाय वापरात असलेलं टेम्प्लेट पुन्हा व्याख्या करू देत नाही. त्यामुळे लोडच्या आधी क्लिअर, म्हणजे स्मृती पुसणारी आज्ञा, हे ठरलेलं.

विंडोजवाल्यांसाठी एक आडवी सूचना: फाइलीच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ एकदाच दिली तर क्लिप्स ती विशेष चिन्ह म्हणून खाऊन टाकतं. ती दोनदा द्या किंवा सरळ तिरकी रेघ वापरा. नवख्यांचे निम्मे ‘फाइल सापडत नाही’ इथेच सुटतात.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट. आवृत्ती ६.३ पासून नियमांची नावं, चिन्हं, मजकूर सगळं देवनागरीत चालतं. आमच्या नियमाचं नाव ‘केवडा-धोका-फुटवा’ असं आहे, आणि चालताना पडद्यावरही तसंच उमटतं. सर संगणकाचे नाहीत, पण कोणता नियम कोणामागून उडाला हे ते स्वतः वाचतात. फक्त आकडे इंग्रजी अंकांत लिहायचे. देवनागरी अंक क्लिप्सला संख्या वाटत नाहीत, ते त्यांना चिन्ह समजतं आणि पुढे तुलना करताना अडतं.

सेव्हबद्दल माझं मत लोडइतकं चांगलं नाही.

सेव्ह स्मृतीत असलेले सगळे नियम, टेम्प्लेट, फंक्शन मजकुराच्या फाइलीत लिहून देतं आणि ती फाइल पुन्हा लोड होते. काम बरोबर करतं, त्यात शंका नाही. फंक्शन त्यात दोनदा दिसली तर घाबरू नका. आधी नुसती ओळख आणि नंतर पूर्ण व्याख्या असं ते मुद्दामच लिहितं, म्हणजे एकमेकांना बोलावणारी फंक्शन लोड होताना अडकत नाहीत. पण अर्धविरामाने सुरू होणाऱ्या टिपा सेव्ह केलेल्या फाइलीत नसतात. वाचतानाच क्लिप्स त्या टाकून देतं, त्यामुळे सेव्ह करायला त्या उरतच नाहीत. मांडणीही तुमची राहत नाही, त्याची होते.

आमच्या फाइलीत टिपा म्हणजे काय, तर नियमामागचं कारण. ‘ढगाळ हवा पण पान कोरडं, म्हणून इथे केवडा नाही, भुरी बघा’ अशी सरांची वाक्यं मी नियमाच्या डोक्यावर लिहून ठेवते. दोन वर्षांनी हा नियम असा का आहे हे विचारलं तर उत्तर तिथेच असतं. सेव्हने ते सगळं जातं. यावर क्लिप्सने एक वाट ठेवली आहे: नियमाच्या नावालगतच अवतरणात लिहिलेली टीप नियमाचा भाग मानली जाते आणि सेव्हमध्ये टिकते. म्हणून कारण मी तिथे, अवतरणातच लिहिते. एक ओळ पुरते. आणि मूळ फाइल म्हणून सेव्हने लिहिलेली फाइल कधीच ठेवत नाही. मूळ फाइल संपादकात हाताने लिहिलेली, तीच लोड करायची. सेव्ह मी फक्त तेव्हा वापरते जेव्हा सरांसमोर बसून प्रॉम्प्टवरच (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) दोन-चार नियम बनवून पाहिलेले असतात आणि ते हरवू द्यायचे नसतात.

स्मृती वाचवायला ‘कन्झर्व्ह-मेम’ चालू करण्याचा सल्ला कुणी दिला, तर एवढं लक्षात ठेवा की सेव्हसाठी लागणारा मजकूर त्यामुळे साठवलाच जात नाही. आजच्या संगणकांवर त्याची गरजही नाही.

बीसेव्ह आणि बीलोड थोडक्यात सांगते. ही नियमांची द्विमान (बायनरी) प्रत. लोडपेक्षा लवकर आत येते. पण बीलोड आधीचं सगळं पुसतं, आणि ती प्रत आत असेपर्यंत नवा नियम घालता येत नाही की जुना काढता येत नाही, क्लिअर करेपर्यंत. एका जातीच्या संगणकावर बनवलेली प्रत दुसऱ्यावर चालेल असं धरून चालू नका. नियम गोठवून गावागावच्या यंत्रांवर द्यायचे असतील तर ठीक. आमचे नियम सतत बदलतात, मला तिचा उपयोग झाला नाही.

ज्यासाठी मी क्लिप्सला धरून आहे ती आज्ञा म्हणजे बॅच.

बॅच तुमच्या कीबोर्डच्या जागी फाइल बसवतं. फाइलीतली ओळ म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ. आज्ञा, व्याख्या, काहीही चालतं, आणि नियमाने मध्येच ‘रीड’ने प्रश्न विचारला तर त्याचं उत्तरही फाइलीतल्या पुढच्या ओळीतून जातं. पडद्यावर प्रॉम्प्ट उमटतो, आज्ञा उमटते, उत्तर उमटतं, जणू कुणी समोर बसून काम करतंय. नियम मात्र बॅचच्या फाइलीत थेट लिहू नयेत. लोडला एक चुकलेला नियम ओलांडून पुढचा नियम शोधता येतो. बॅच पुढची कुठलीही आज्ञा शोधत जातं, त्यामुळे एका चुकीच्या कंसातून चुकांची माळ लागते. नियम वेगळ्या फाइलीत, बॅचमध्ये फक्त त्यांचं लोड.

माझी एका प्रकरणाची फाइल कशी असते ते ओळीने सांगते. पहिल्यांदा सगळी वॉच बंद. मग क्लिअर. मग नियम निवडायची रीत ‘डेप्थ’ अशी स्पष्ट, कारण आधीच्या कामात कुणी ती बदलली असेल तर क्लिअर ती परत जागेवर आणत नाही. मग लोड. मग नियमांवर वॉच. मग ड्रिबल-ऑन (पडद्यावरचं सगळं फाइलीत उतरवणं सुरू) आणि निकालाच्या फाइलीचं नाव. मग रीसेट, म्हणजे जुने फॅक्ट्स पुसून सुरुवातीचे आणणं. रीसेटनंतर त्या प्लॉटची माहिती असर्ट, म्हणजे फॅक्ट म्हणून आत घालणं: छाटणीची तारीख, आजची तारीख, पानं ओली राहिल्याचे तास, मागच्या फवारण्या. मग रन. शेवटी ड्रिबल-ऑफ आणि एक्झिट. आजची तारीख मी घड्याळातून कधीच घेऊ देत नाही, ती फॅक्ट म्हणूनच द्यायची. घड्याळ वाचणारा एक नियम जरी असला तरी पुढच्या वर्षी तेच प्रकरण दुसरंच उत्तर देईल. गेन्सिमने (आपोआप क्रमांकाची नावं बनवणाऱ्या फंक्शनने) नावं बनवत असाल तर सेटजेनने त्याची सुरुवात बांधा, यादृच्छिक काही असेल तर सीडने.

सुरुवातीला आम्ही माहिती असर्ट न करता प्रश्नांची उत्तरंच फाइलीत ठेवत होतो, कारण बॅच ती सोय देतं. लहान नियमसंचाला ती चालते. पण सरांनी मध्ये एक नवा प्रश्न घातला, ‘मागच्या फवारणीनंतर पाऊस झाला का?’, की जुन्या फाइलीतलं पुढचं उत्तर या प्रश्नाला जातं, त्याच्या पुढचं त्याच्या पुढच्याला, आणि शेवटचा प्रश्न तर खालची आज्ञाच उत्तर म्हणून गिळतो. क्लिप्सच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, त्यामुळे ते तक्रारही करत नाही. म्हणून प्रश्न विचारणारे नियम आम्ही वेगळ्या फाइलीत काढले. त्यांचं काम फक्त माहिती गोळा करून फॅक्ट बनवणं. जुनी प्रकरणं चालवताना ती फाइल लोडच होत नाही. तज्ज्ञप्रणालीत जुनी प्रकरणं पुन्हा चालवायची असतील तर ही फारकत पहिल्या दिवसापासून करा, असं मी कुणालाही सांगेन.

बॅचचा आणखी एक स्वभाव माहीत हवा. नियमाच्या कृतीतून बॅच बोलावलं तर त्या फाइलीतल्या आज्ञा लगेच चालत नाहीत. नियम संपून प्रॉम्प्टवर परत आल्यावर चालतात. लगेच चालायला हव्या असतील तर बॅच-स्टार आहे. ते सगळ्या आज्ञा तिथल्या तिथे पार पाडतं, पण कीबोर्डच्या जागी बसत नाही, म्हणून ‘रीड’ला त्यातून उत्तर मिळत नाही, आणि आज्ञा व त्यांची उत्तरं पडद्यावर उमटत नाहीत. तयारीच्या कामाला, म्हणजे रीत बांधणं, फाइली लोड करणं, याला बॅच-स्टार छान. जिथे नोंद हवी तिथे साधं बॅच. टर्मिनलवरून थेट सुरू करायचं तर वजा-एफ बॅचसाठी, वजा-एफ-दोन बॅच-स्टारसाठी, वजा-एल नुसत्या लोडसाठी. पायथनमधून वापरणाऱ्यांना क्लिप्सपाय या पायथनच्या लायब्ररीत बॅच-स्टार मिळतं, साध्या बॅचसारखी उमटत जाणारी नोंद नाही. म्हणून प्रकरणं मी क्लिप्सच्या स्वतःच्या प्रॉम्प्टवरच चालवते.

ड्रिबल म्हणजे ती नोंद. चालू केलं की पडद्यावर जे जे येतं ते सगळं फाइलीत: प्रॉम्प्ट, टाइप केलेली आज्ञा, उत्तर, चूक, वॉचच्या ओळी. नियमांवर वॉच असेल तर कोणता नियम कितव्या क्रमाने आणि कोणत्या फॅक्ट्सवर उडाला, हेही. बॅच आणि ड्रिबल एकत्र आले की तपासणीचं पूर्ण साधन तयार होतं. ही युक्ती माझी नाही. क्लिप्सची स्वतःची तपासणीच अशी बांधलेली आहे: प्रत्येक फाइल ड्रिबल चालू करते, बॅच चालवते, ड्रिबल बंद करते, आणि मग अपेक्षित नोंद व आताची नोंद ओळीला ओळ लावून फरक एका निकालाच्या फाइलीत लिहिते. ती तुलना करणारं फंक्शनसुद्धा क्लिप्समध्येच लिहिलेलं आहे. नियमप्रणाली स्वतःच्या भाषेत स्वतःला तपासते, आणि तीच पद्धत मला सहज उचलता आली.

याचा उपयोग जवळून सांगते. यादी सुधारली आणि एका बुरशीनाशकाचा काढणीपूर्व कालावधी वाढला. नियमात एक आकडा बदलायचा, एवढंच काम. बदलला, साठवलेली सगळी प्रकरणं बॅचने चालवली, फरक काढला. ज्या बागांची काढणी जवळ होती तिथे ते औषध सल्ल्यातून गेलेलं दिसलं. ते हवंच होतं. पण एका प्लॉटच्या नोंदीत फरक वेगळाच होता. तिथे औषध गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. नियम उडण्याच्या ओळी खालून वर वाचत गेलो तेव्हा दिसलं की पर्याय सुचवणारा नियम आणखी एक अट लावत होता, एकाच गटाचं औषध लागोपाठ दोनदा नको, आणि उरलेला एकच पर्याय त्या अटीने अडवला होता. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. सर बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, इथे सल्ला रिकामा जाता कामा नये. ‘फवारणी करू नका, बाधित पानं काढा, मला फोन करा’ असा नियमच घाला.” तो नियम त्या दिवशी घातला. तो प्लॉट आता आमच्या अपेक्षित नोंदींत कायमचा आहे.

फॅक्ट्स साठवण्याबद्दल मात्र सावध करते, कारण इथे भलता विश्वास बसतो. सेव्ह-फॅक्ट्स आताची सगळी माहिती फाइलीत लिहितं, लोड-फॅक्ट्स ती परत आणतं. नियम फाइलीतून आणि फॅक्ट्स फाइलीतून परत आले, म्हणजे काम सोडलं तिथून पुढे सुरू होईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. कोणता नियम कोणत्या फॅक्ट्सवर आधीच उडून गेला आहे, हे क्लिप्स चालू असताना लक्षात ठेवतं आणि त्याच फॅक्ट्सवर तो नियम पुन्हा उडवत नाही. ही आठवण सेव्ह-फॅक्ट्सच्या फाइलीत नसते. परत आणलेल्या फॅक्ट्सना नवे क्रमांक मिळतात, क्लिप्सच्या लेखी ती नवी माहिती असते, आणि उडून गेलेले नियम पुन्हा रांगेत येतात. नियमाने नुसता फॅक्ट बनवायचा असेल तर फार बिघडत नाही, कारण हुबेहूब दुसरा फॅक्ट एरवी घेतलाच जात नाही. पण नियम शेतकऱ्याला संदेश पाठवत असेल तर तो संदेश दुसऱ्यांदा जाईल. फवारणीच्या सल्ल्यात हे धोक्याचं आहे. एकच फवारणी दोनदा होऊ शकते.

उपाय सोपा आहे. झालेलं काम नियमांच्या आठवणीवर न सोडता फॅक्ट म्हणून लिहायचं. आमच्याकडे संदेश गेला की ‘सल्ला-दिला’ असा फॅक्ट बनतो, प्लॉट आणि तारखेसकट, आणि संदेशाच्या नियमात तो नसल्याची अट असते. मग फॅक्ट्स साठवा, आणा, कितीही वेळा. ग्लोबल चलांच्या आताच्या किमतीही कुठल्याच फाइलीत जात नाहीत. सेव्ह त्यांची मूळ व्याख्या लिहितं. ज्याला टिकायचं आहे ते फॅक्टमध्ये ठेवायचं, ग्लोबलमध्ये नाही. क्रमही पाळा: क्लिअर, लोड, रीसेट, मग लोड-फॅक्ट्स, मग रन. रीसेट शेवटी घेतलं तर आणलेले फॅक्ट्स सगळे गेले. आणि नियमसंच मॉड्यूलमध्ये (स्वतंत्र भागांत) वाटलेला असेल तर सेव्ह-फॅक्ट्स एरवी फक्त चालू मॉड्यूलचे फॅक्ट्स लिहितं. दिसणारे सगळे हवे असतील तर ‘व्हिजिबल’ सांगावं लागतं.

तक्रार माझी एकच आहे, पण ती खरी आहे. प्रॉम्प्टवर मी ज्या आज्ञा दिल्या, तेवढ्याच एका फाइलीत उतरवून ती लगेच बॅचला देता यावी, अशी सोय क्लिप्समध्ये नाही. ड्रिबलची फाइल वाचायची आहे, चालवायची नाही. तिच्यात प्रॉम्प्ट आणि उत्तरं मिसळलेली असतात. सरांबरोबर बसून एखादं नवं प्रकरण हाताने चालवलं की मी ती नोंद उघडते, प्रॉम्प्टने सुरू होणाऱ्या ओळी सेड या मजकूर गाळायच्या साधनाने वेगळ्या काढते आणि प्रॉम्प्ट खोडते. एका ओळीच्या आज्ञांना हे बिनचूक चालतं, अनेक ओळींची आज्ञा असेल तर बाकीच्या ओळी हाताने जोडाव्या लागतात. मूळ प्रोग्रॅममध्ये ही एक आज्ञा आली तर माझा रोजचा अर्धा तास वाचेल.

आवृत्ती बदलणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट. ६.३ पर्यंत रीसेट केलं की एक प्रारंभिक फॅक्ट आपोआप यायचा आणि शून्य क्रमांक घ्यायचा. २०२१ च्या ६.४ मध्ये तो काढला आहे, तिथे क्रमांक एकपासून सुरू होतात. नियमांत त्या प्रारंभिक फॅक्टचं नाव घेतलं असेल तर ते काढावं लागेल. क्रमांकांचा भरवसा धरून लिहिलेली अपेक्षित नोंदही मोडू शकते. आम्ही आधी आमचे जुनेच नियम, एक अक्षरही न बदलता, नव्या आवृत्तीत चालवले, नोंदींतून फॅक्ट्सचे क्रमांक पुसून तुलना केली, नियम उडण्याचा क्रम तोच आहे हे बघितलं, आणि त्या नव्या नोंदींना अपेक्षित म्हणून ठेवलं. नियमांना हात त्यानंतर लावला. हे काम ऑक्टोबरच्या छाटण्या सुरू होण्याआधी उरकून घ्या. एकदा फुटवे निघाले की सरांना आणि तुम्हाला कुणालाच जुन्या नोंदी वाचायला वेळ मिळणार नाही.